अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आयुष्यभर मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवत राहिले. तेव्हा विषयासाठी मला फार शोधाशोध करावी लागली नाही. अग्रलेखात, न्यायालयाच्या निकालात, पदवीच्या क्रमिक पुस्तकात जे वरच्या पायरीचे इंग्रजी शब्द भेटतात, ते आपल्या मुलामुलींनी कसे शिकावेत, एवढ्याच प्रश्नावर मी बोलणार आहे. इंग्रजी शिकावी की नाही, कोणत्या माध्यमातून शिकावे, हे वाद इथे काढणार नाही. २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. मुले ती शिकत आहेतच. ती नीट शिकतात का, हे पाहायचे.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात गेलात, तर स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांच्या ढिगात शब्दसंग्रहाची पुस्तके हमखास दिसतात. नॉर्मन लुइस यांचे १९४९ सालचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ अजून खपते. शेजारी परदेशी प्रवेशपरीक्षांच्या हजारो शब्दांच्या याद्या असतात. लुइस यांनी आपल्या पुस्तकात शब्दांची मुळे दिली, गप्पा मारल्यासारखी स्पष्टीकरणे दिली, जागोजागी सराव दिला. पण आपला विद्यार्थी त्यातून काय काढून घेतो? वहीचे दोन रकाने. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एक मराठी प्रतिशब्द. रोज तीस-चाळीस शब्द ‘करायचे’ आणि परीक्षेला जायचे. माझे आजचे सगळे बोलणे या दोन रकान्यांविषयी आहे.

या रकान्यांत नेमके काय बिघडते, हे दाखवणारा एक सुंदर लेख जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डी या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९८७ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिला. पाचवी-सहावीच्या मुलांना त्यांच्याच भाषेतला अपरिचित शब्द द्यायचा, शब्दकोशातली त्याची व्याख्या द्यायची आणि वाक्य करायला सांगायचे. ‘स्टिम्युलेट’ या शब्दाच्या व्याख्येत ‘स्टर अप’ असे शब्द होते. स्टर करणे म्हणजे ढवळणे, हे मुलाला ठाऊक. त्याने लिहिले की, अमुक बाईंनी सूप ‘स्टिम्युलेट’ केले. ‘इरोड’च्या व्याख्येत ‘ईट आउट’ होते. अमेरिकी मुलाला त्याचा अर्थ हॉटेलात जेवणे एवढाच माहीत. त्याने लिहिले, आमचे कुटुंब खूप वेळा ‘इरोड’ करते.

आपण हसतो. पण ही मुले मंद नव्हती. त्यांची रीत अगदी तर्काला धरून होती. व्याख्येतला ओळखीचा तुकडा उचलायचा, त्याचे एक वाक्य मनात करायचे आणि त्या तुकड्याच्या जागी नवा शब्द बसवायचा.

यावर कोणी म्हणेल, व्याख्या सोडा, उदाहरणेच द्या. मिलर आणि गिल्डी यांनी तेही पाहिले. राजाच्या भावाने सिंहासन ‘यूझर्प’ करण्याचा प्रयत्न केला, अशा अर्थाचे वाक्य मुलांना दिले. मुलांनी तर्क केला: यूझर्प म्हणजे घेणे. मग एकाने लिहिले की, खोलीतली निळी खुर्ची ‘यूझर्प’ केली. म्हणजे उदाहरण एकटे दिले, तरी चूक त्याच जातीची. अनोळखी शब्दासमोर शिकणारा ओळखीचा एक शब्द उभा करतो आणि दोघांची अदलाबदल करतो. व्याख्या एकटी असली की तो व्याख्येतला शब्द उचलतो. उदाहरण एकटे असले की संदर्भावरून एक शब्द ताडतो. आपल्या मुलांच्या वहीत तर ही अदलाबदल शिक्षकानेच आयती करून दिलेली असते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. व्याख्या आणि उदाहरण यांचे खरे काम एकमेकांना आवर घालण्याचे आहे. व्याख्या शब्दाची हद्द आखते, त्यामुळे उदाहरणावरून आपण वाटेल तो अर्थ काढू शकत नाही. उदाहरण शब्दाचा वावर दाखवते, त्यामुळे व्याख्येतला एखादा तुकडा घेऊन आपण भलतीकडे जात नाही. हे उघड वाटते. पण कोशकारांना ते उमगायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली, आणि तो इतिहास थोडा सांगायला हवा, कारण त्यात आपला भाग आहे.

सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी कोश १७५५ साली आला. सुमारे ४२ हजार शब्द, आणि लेखकांच्या लिखाणातून वेचलेली लाखाहून अधिक अवतरणे. त्या काळात हे काम अचाट होते. पण जॉन्सन लिहीत होते ते जाणत्या वाचकासाठी. ‘नेटवर्क’ म्हणजे जाळीकाम, हा साधा शब्द. तो समजावताना त्यांनी ‘रेटिक्युलेटेड’ आणि ‘डिकसेटेड’ असे शब्द योजले. ज्याला नेटवर्क कळत नाही, त्याला हे काय कळणार? आणि त्यांची उदाहरणे होती थोरांच्या लिखाणातली. शब्दाला प्रतिष्ठा कोणी दिली, हे सांगणारी.

मग ऑक्सफर्डचा महाकोश. १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत त्याची कल्पना निघाली, १८८४ साली पहिला भाग छापला गेला आणि १९२८ साली काम पुरे झाले. चार लाखांहून अधिक शब्दरूपे आणि अठरा लाखांहून अधिक अवतरणे. संपादक जेम्स मरे यांना जगभरचे वाचक चिठ्ठ्या पाठवत: शब्द, वाक्य, ग्रंथ, साल. त्यांतले एक मोठे नाव फिट्झएडवर्ड हॉल. हे अमेरिकी गृहस्थ बनारसच्या संस्कृत कॉलेजात शिकवत होते. पुढे इंग्लंडात स्थायिक झाल्यावर त्यांनी वर्षानुवर्षे या कोशासाठी श्रम केले. इथे अवतरणाचे काम बदलले. ते पुरावा झाले. शब्द कधी जन्मला, अर्थ कसकसा सरकला, याचा दाखला. इतिहासकाराला यासारखा खजिना नाही. पण सातारच्या किंवा सावंतवाडीच्या विद्यार्थ्याला उद्याच्या निबंधात तो शब्द कसा वापरायचा, हे त्या पुराव्यातून कळत नाही.

शिकणाऱ्यासाठी वेगळा कोश हवा, ही गोष्ट लंडनच्या विद्वानांआधी आशियात परक्या मुलांपुढे खडू घेऊन उभ्या राहिलेल्या शिक्षकांना सुचली. मायकेल वेस्ट हे इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमधले अधिकारी. ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य. बंगाली मुले इंग्रजी वाचतात, पण पानोपानी अडतात, हे त्यांनी पाहिले. प्रत्येक पानावर नव्या शब्दांची गर्दी झाली की वाचन थांबते आणि शब्दही राहत नाहीत. वेस्ट यांनी त्या मुलांसाठी मोजक्या शब्दांची वाचनमाला केली आणि १९३५ साली, एंडिकॉट यांच्या साथीने, ‘न्यू मेथड इंग्लिश डिक्शनरी’ काढली. तिच्यात सुमारे २४ हजार शब्द आणि वाक्प्रयोग समजावले आहेत, आणि ते समजावायला वापरलेले शब्द फक्त १,४९०. जॉन्सन यांच्या जाळीकामाला हे उत्तर होते. समजावणारा शब्द समजायच्या शब्दापेक्षा सोपाच असला पाहिजे, हा नियम पाळण्यासाठी कोशकाराने स्वतःचे हात बांधून घेतले.

त्याच काळात जपानमध्ये हॅरल्ड पामर आणि ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक दुसऱ्या बाजूने हाच प्रश्न सोडवत होते. जपानी विद्यार्थ्याला अर्थ कळतो, पण वाक्य चुकते. क्रियापदाला कर्म लागते का, त्यामागे कोणते अव्यय येते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आपल्याकडचा घरोघरचा दाखला घ्या. ‘मला समजावून सांगा’ म्हणताना आपला विद्यार्थी बेलाशक ‘एक्सप्लेन मी’ म्हणतो. त्याला ‘एक्सप्लेन’चा अर्थ पुरता ठाऊक आहे. ते क्रियापद आपल्या कर्माला कोठे आणि कसे बसवते, हे ठाऊक नाही. हॉर्नबी, गेटनबी आणि वेकफील्ड यांनी क्रियापदांचे असे साचे निश्चित केले आणि प्रत्येक साचा दिसेल अशी छोटी वाक्ये दिली. तो कोश १९४२ साली, ऐन महायुद्धात, टोकियोच्या कैताकुशा या प्रकाशनसंस्थेने छापला. १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा काढला. आपण ज्याला नुसते ‘हॉर्नबी’ किंवा ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ म्हणतो, तो हाच. उदाहरणवाक्याला इथे तिसरे काम मिळाले. प्रतिष्ठा झाली, पुरावा झाला, आता ते नमुना झाले. पाहा आणि असे वाक्य करा.

यानंतरचा टप्पा जॉन सिंक्लेअर यांचा. बर्मिंगहॅम विद्यापीठात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलल्या-लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजीचा लाखो शब्दांचा साठा संगणकात भरला, एकेका शब्दाच्या शेकडो ओळी एकाखाली एक मांडल्या आणि १९८७ साली ‘कोबिल्ड’ कोश काढला. त्या ओळींतून अशा गोष्टी दिसल्या, ज्या इंग्रजाच्या तोंडी रोज असतात, पण विचारले तर त्याला सांगता येत नाहीत. ‘बज’ म्हणजे जागचे हलणे. व्याख्या एवढीच. पण ओळी पाहिल्या, तर हा शब्द जवळजवळ नेहमी नकारात येतो. दार हलेना, गाढव हलेना, मंत्री आपल्या म्हणण्यावरून हलेनात. म्हणजे हलण्यापेक्षा न हलण्यासाठीच तो ठेवलेला आहे. ‘कॉज’ हे क्रियापद घ्या. व्याख्या म्हणते, घडवून आणणे. पण त्याच्या सोबतीला बहुधा येतात ते अपघात, नुकसान, मृत्यू, अडचणी. ‘नव्या शिक्षकांनी आमचे यश कॉज केले’ असे कोणी लिहिले, तर व्याकरण शुद्ध, व्याख्याही पाळलेली, आणि तरी वाक्य कानाला खटकते. कोबिल्डने व्याख्याही पूर्ण वाक्यात लिहिल्या. अमुक माणसाने अमुक गोष्टीला असे केले तर, अशा थाटाच्या. त्यामुळे कर्ता कोण, कर्म कोणते, हे व्याख्येतच उमटते. व्याख्या आणि उदाहरण यांच्यामधली भिंत तिथे पातळ झाली.

आता आपल्या घरात येऊ. आपल्या कोशपरंपरेला कमी लेखायचे कारण नाही. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा, त्याची वाढीव आवृत्ती १८५७ सालची. थॉमस कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. मोल्सवर्थमध्ये मराठी शब्दाचे बारकावे, म्हणी, वाक्प्रचार असे उतरले आहेत की मराठी माणूसही त्यात रमतो. पण त्या कोशाचे पहिले गिऱ्हाईक कोण? मराठी शिकू पाहणारा इंग्रज अधिकारी आणि मिशनरी. त्याची अडचण ओळखून ते काम झाले. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाची अडचण ओळखून तितक्या कसोशीने केलेला कोश त्याच्या हाती पडत नाही. त्याच्या हाती पडते ती खिशातली डिक्शनरी, नाहीतर मोबाइल. दोन्ही त्याला उजवा रकाना पुरवतात.

प्रतिशब्दाविरुद्ध माझी सरसकट तक्रार नाही. ‘हेरॉन’ म्हणजे बगळा, ‘टर्मरिक’ म्हणजे हळद. इथे इंग्रजी व्याख्या वाचत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. वस्तू, प्राणी, झाडे, अवयव यांच्यासाठी मातृभाषेतला शब्द सर्वांत जलद आणि सर्वांत अचूक. घोटाळा होतो तो अमूर्त शब्दांत, विशेषतः क्रियापदांत आणि विशेषणांत. नेमका तोच प्रगत शब्दसंग्रहाचा गाभा.

एकच उदाहरण सविस्तर घेतो. ‘अबेट’, ‘अ‍ॅलिव्हिएट’ आणि ‘मिटिगेट’ हे तीन शब्द स्पर्धा परीक्षांच्या याद्यांत नेहमी असतात आणि तिघांपुढे ‘कमी होणे, कमी करणे’ असे लिहिलेले असते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने तीन शब्द पाठ झाले. आता तो लिहील की, दुकानदाराने साखरेचा भाव ‘मिटिगेट’ केला. का लिहू नये? चूक कोठे आहे, हे त्याच्या वहीतून त्याला कधीच कळणार नाही.

इंग्रजी-इंग्रजी कोशातल्या दोन-तीन व्याख्या आणि चार-पाच वाक्ये शेजारी ठेवली की तिघांची घरे वेगळी दिसू लागतात. ‘अबेट’ बहुधा आपोआप घडते: वादळ, पूर, ताप, लोकांचा राग. जे जोरात होते, ते ओसरते. मराठीत त्याच्या अधिक जवळ ‘ओसरणे’ आहे. ‘अ‍ॅलिव्हिएट’ला सोसणारा लागतो: वेदना, दारिद्र्य, हालअपेष्टा. मूळ कारण राहील कदाचित, पण सोसणे हलके होते. ‘मिटिगेट’ची सोबत धोक्याशी, परिणामांशी आणि हानीशी आहे. पूररेषेबाहेर घरे बांधली तर पूर थांबत नाही, त्याची झळ सौम्य होते. न्यायालयात शिक्षा ठरवताना आरोपीच्या बाजूने ज्या परिस्थितीचा विचार होतो, तिच्यासाठी याच क्रियापदाचे ‘मिटिगेटिंग’ हे विशेषण आहे. आणि साखरेच्या भावाला साधे ‘रिड्यूस’ पुरते. अवघड शब्द न वापरण्याची जागा ओळखणे हाही प्रगत शब्दसंग्रहाचाच भाग आहे.

जाता जाता एक इशारा. उच्चार देवनागरीत टिपणाऱ्यांनी जपावे. आपल्या लिपीत ऱ्हस्व ए दाखवायची नेहमीची सोय नाही. त्यामुळे ओसरण्याचा ‘अबेट’ आणि फौजदारी कायद्यातला, गुन्ह्याला अपप्रेरणा देण्याचा ‘अबेट’ वहीत एकसारखे दिसतात. वाक्य सोबत असेल तर गोंधळ टळतो. नसेल तर वादळ गुन्हेगार ठरते.

यावर विद्यार्थी विचारतात, एकेका शब्दावर इतका वेळ दिला तर हजारो शब्द कधी होणार? प्रश्न रास्त आहे. पॉल नेशन यांच्या २००६ सालच्या हिशेबाप्रमाणे इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीविना वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे लागतात. शब्दकुटुंब म्हणजे ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’ हे सगळे मिळून एक. एवढे सगळे कोणी वहीत उतरवून शिकत नाही. त्यातला मोठा भाग वाचनातून, पुन्हा पुन्हा भेटून येतो. मग वहीसाठी निवड कशाची करायची? न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनातल्या शब्दांची एक यादी केली. अगदी नेहमीचे दोन हजार शब्द वगळले, आणि उरलेल्यांतून सर्व विद्याशाखांत वारंवार येणारी ५७० शब्दकुटुंबे निवडली. ‘एव्हिडन्स’, ‘इम्प्लाय’, ‘सिग्निफिकंट’, ‘कॉन्स्टिट्यूट’ यांसारखी. अभ्यासग्रंथातला सुमारे दहावा हिस्सा या ५७० कुटुंबांनी व्यापलेला असतो. या शब्दांत भारदस्तपणा नाही, म्हणून आपली मुले त्यांना ‘येतात’ म्हणून सोडतात आणि आयुष्यात दोनदा भेटेल असा शब्द घोकतात. ‘इम्प्लाय’ आणि ‘इन्फर’ यांतला फरक ज्याला वाक्यात दाखवता येत नाही, त्याने दुर्मीळ शब्दांची यादी तूर्त मिटून ठेवावी.

आता वहीचे काय करायचे ते सांगतो. दोन रकाने पुसा. शब्द जिथे भेटला ते मूळ वाक्य आधी उतरवा. मग शिकणाऱ्यांसाठीच्या कोशातली व्याख्या पाहा आणि ती आपल्या वाक्याला लागू पडते का, हे तपासा. एका शब्दाचे पाच अर्थ असतात. पहिला दिसला तो उचलू नये. मग कोशातल्या वाक्यांपैकी एकच निवडा. निवडीची कसोटी अशी, की त्या वाक्यातला शब्द झाकला तरी अर्थाचा अंदाज यावा. मोबाइल आज एका शब्दाची वीस वाक्ये क्षणात देतो. त्यांतली बहुतेक या कसोटीला उतरत नाहीत. मराठी प्रतिशब्द लिहायचा तर शेवटी लिहा, आणि तो वाक्यात बसवून पाहून लिहा. उजळणी करतानाही शब्द पाहून अर्थ आठवू नका. गाळलेल्या जागेसह वाक्य समोर ठेवा आणि शब्द आठवा. लिहिताना हेच तर करावे लागते.

आणि शेवटची पायरी: स्वतःचे वाक्य. इथे मला आपल्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेचा आधार घ्यावासा वाटतो. ‘पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.’ आपण सगळ्यांनी हा प्रश्न सोडवला आहे. मिलर आणि गिल्डी यांच्या लेखातून जे निघते, ते या एका ओळीत आहे. अर्थही हवा आणि उपयोगही हवा. दुर्दैव असे, की त्याची उत्तरे आपण फार सैलपणे तपासतो. ‘तोंडचे पाणी पळणे’ याचा उपयोग म्हणून मुलगा लिहितो, ‘राजूच्या तोंडचे पाणी पळाले’, आणि त्याला गुण मिळतात. राजूला नेमके काय झाले, हे त्या वाक्यात नाही. घाबरला, दमला, लाजला, काहीही असू शकेल. ‘धरणाची भिंत खचल्याची बातमी येताच नदीकाठच्या लोकांच्या तोंडचे पाणी पळाले’ असे लिहिले, की लिहिणाऱ्याला वाक्प्रचार समजला आहे याची खूण वाक्यातच पटते. ‘द स्टॉर्म अबेटेड’ हे राजूचे वाक्य आहे. वादळ ओसरल्यावर होड्या पुन्हा समुद्रात निघाल्या, हे त्याला जोडले की ते उपयोगाचे वाक्य होते.

शिक्षकांना माझी विनंती म्हणून एवढीच आहे. इंग्रजीच्या तासाला आठवड्याला तीस शब्दांची यादी देण्याऐवजी सहा शब्द द्या, आणि प्रत्येकाचे असे वाक्य मागा, की शब्द झाकल्यावर शेजारच्या मुलाला तो ओळखता यावा. तपासायचे काम आधी शेजारच्या मुलालाच द्या. त्याला ओळखता आला नाही, तर वाक्य पुन्हा लिहायला लावा. ओळखता आला, पण वाक्य खटकले, तर मग कोश उघडा आणि दोघांना मिळून शोधू द्या की का खटकले. चाळीस मुलांच्या वर्गात हे जमते. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, जादा अनुदान लागत नाही, वर्गाच्या कपाटात शिकणाऱ्यांसाठीच्या कोशाच्या चार-सहा प्रती लागतात. आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी अर्थाला एक गुण दिला, तर वाक्याला दोन द्यावेत. मुले कोणती पायरी चढायची आणि कोणती गाळायची, हे गुणांवरूनच ठरवतात.